साठ अंशांची चूक

चौथीतली भाची लॅपटॉपसमोर मांडी घालून बसली होती. पडद्यावरच्या कासवाकडून तिला त्रिकोण काढून घ्यायचा होता. समभुज त्रिकोणाचे सगळे कोन ६० अंशांचे, हे तिला सातवीतल्या दादाने सांगितलं होतं. तिने हुकूम सोडला: १०० पावलं पुढे जा, ६० अंश उजवीकडे वळ, असं तीनदा कर. कासव निघालं आणि त्रिकोणाऐवजी एक उघडी कमान काढून थांबलं.

"मामा, हे ऐकतच नाही!"

उत्तर माझ्या जिभेवर होतं. ते गिळायला मला बराच जोर लावावा लागला.

हे कासव 'लोगो' या भाषेतलं. लोगो १९६७ साली अमेरिकेत केंब्रिजमध्ये मुलांसाठीच तयार झाली, सीमोर पॅपर्ट, सिंथिया सॉलोमन आणि वॉली फर्झिग यांच्या हातून. पॅपर्ट गणिती होते आणि त्याआधी जिनीव्हात झां पियाजे यांच्यासोबत मुलं कशी विचार करतात, याचा अभ्यास करत होते. पुढे आलेलं कासव आधी जमिनीवर चालायचं, पेनने कागदावर रेघ ओढत जाणारं एक यंत्रच. पडद्यावरचं कासव त्याचाच वारस. मुलाने स्वतःला कासवाच्या जागी ठेवावं आणि आपल्या अंगानेच भूमिती उलगडावी, हा पॅपर्ट यांचा आग्रह. १९८० च्या 'माइंडस्टॉर्म्स' या पुस्तकात त्यांनी चुकीबद्दल जे मांडलं, ते मला सर्वांत मोलाचं वाटतं. प्रोग्राम पहिल्या फटक्यात क्वचितच चालतो. तेव्हा बरोबर की चूक, यापेक्षा हा दुरुस्त कसा होईल, हा प्रश्न मुलाच्या अंगवळणी पडतो.

आपल्या वर्गात चूक म्हणजे लाल शाई. ती दुसरा कोणीतरी दाखवतो, सगळ्यांदेखत, आणि त्यावर गुण जातात. मूल चूक लपवायला शिकतं, खोडरबराने कागद फाटेपर्यंत. कासव रागावत नाही. सांगितलं तेवढंच करतं आणि सांगण्यात काय राहिलं, ते रेघेने समोर मांडतं. नऊ वर्षांच्या मुलाला स्वतःची चूक भीतीशिवाय, निवांत न्याहाळता यावी, अशा जागा आपण किती ठेवल्या आहेत?

आमच्या शाळेत संगणक आला तेव्हा आम्ही चपला बाहेर काढून त्या खोलीत शिरायचो. एका कळफलकाभोवती चौघं. 'बेसिक'चे प्रोग्राम फळ्यावरून वहीत उतरवायचो, पाठ करायचो, परीक्षेत जसेच्या तसे लिहायचो. प्रोग्राम चुकला तर काय होतं, हे आम्हाला कधी दिसलंच नाही, कारण तो चालवून बघायची पाळीच येत नसे. यंत्र नवं होतं, शिकवणं मात्र पाढ्यांचंच.

म्हणूनच आज माझा जीव खाली-वर होतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंग आणायचं म्हटलं आहे. पालकांची घाई त्याहून मोठी आहे. सहा वर्षांच्या मुलाला क्लास लावायचा, शिक्षकाने दिलेला तयार कोड त्याने चिकटवायचा, महिन्याभरात ॲप आणि प्रमाणपत्र. त्या ॲपमध्ये मुलाची स्वतःची एकही चूक नसते, म्हणजे मुलाचं त्यात काहीच नसतं.

मग मुलांना कोडिंग शिकवायचं तरी कशाला? यावर 'कोडिंगने बुद्धी तल्लख होते' असं उत्तर मी देणार नाही. न्यूयॉर्कच्या बँक स्ट्रीट कॉलेजात रॉय पी आणि मिडियन कर्लंड यांनी १९८४ च्या सुमारास वर्षभर लोगो शिकलेल्या मुलांना वर्गातली कामं आखून बघायला दिली. लोगो न शिकलेल्यांपेक्षा त्यांचं नियोजन काही सरस निघालं नाही. हा निष्कर्ष मला मान्य आहे. पोहणं आल्याने सायकल येत नाही. पण पाण्याची भीती जाते, आणि मला मुलांसाठी तेवढंच हवं आहे. त्यासाठी सहाव्या वर्षाची घाई नको आणि महागडा क्लासही नको. जवळ बसणारं, पण गप्प राहू शकणारं एक मोठं माणूस हवं. आपल्याकडे तुटवडा त्याचाच आहे.

भाची शेवटी उठली. फरशीच्या रेघेवरून पाच पावलं चालली, थांबली, वळली. पुन्हा आली, पुन्हा वळली. तिसऱ्यांदा वळताना हात समोर ताणून तिने मान मागे फिरवली, ज्या रेघेवरून आली तिच्याकडे.

"कोन इथे आतमध्ये आहे," ती पायाशी बोट दाखवत म्हणाली, "पण मी तर पुढे तोंड करून चाललेय. मला त्याच्याहून खूप जास्त वळावं लागतंय."

"किती?"

तिने उत्तर दिलं नाही. लॅपटॉपकडे धावली. आधी ९० घातले, मग १००. कमान आत आत वळत गेली. १२० ला रेघ रेघेला भिडली. ती ओरडेल असं मला वाटलं होतं, पण तिचं बोट आधीच तीनचा आकडा खोडून पाच लिहीत होतं.