तडीपारी ही शिक्षा नव्हे

निवडणुका जवळ आल्या, गणपती आले, शिमगा आला की वर्तमानपत्रांच्या जिल्हा पानावर एक बातमी ठरलेली असते : अमुक तालुक्यातले इतके जण तडीपार. आमच्या खेडमध्ये ती वाचणारे बहुतेक जण एकच अर्थ घेतात, की गुंडांना शिक्षा झाली. प्रचारसभांत तर ‘तडीपार’ ही शिवीच होऊन बसली आहे. आदेश निघाला म्हणजे माणूस दोषी, हे आपण इतक्या सहज धरून चालतो की खटला कुठे चालला, हे विचारायचे सुचतही नाही.

खटला चाललेलाच नसतो. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ५७ ला निदान आधीची दोषसिद्धी लागते. कलम ५६ ला तीही लागत नाही. माणसाच्या वावराने लोकांत दहशत आहे, किंवा तो हिंसेचा गुन्हा करील असे मानायला जागा आहे आणि साक्षीदार उघडपणे पुढे यायला धजत नाहीत, असे अधिकाऱ्याला वाटले की दोन वर्षांपर्यंत जिल्हाबंदी होऊ शकते. ही उपाययोजना आहे, आणि क्वचित गरजेचीही आहे. तिला शिक्षा म्हणू लागलो की न्यायालयाची जागा प्रांत कचेरीने घेतली, हे आपण आनंदाने मान्य करून टाकतो.

नको असलेल्या माणसाला दूर धाडण्याची कल्पना जुनी आहे. इंग्लंडने आपले कैदी आधी अमेरिकेत आणि १७८८ ते १८६८ या काळात ऑस्ट्रेलियात पाठवले. ऑस्ट्रेलियात गेलेल्यांची संख्या दीड लाखाच्या वर होती. आपल्याकडे १८५८ पासून अंदमान. आमचा रत्नागिरी जिल्हा तर सरकारला अडचणीची माणसे आणून ठेवण्याची हक्काची जागा होता : ब्रह्मदेशचा राजा थिबा १८८६ पासून मरेपर्यंत इथे राहिला, सावरकर १९२४ ते १९३७ स्थानबद्ध होते. हे सगळ्यांना ठाऊक आहे.

पुढची गोष्टही सहसा एकाच चालीत सांगितली जाते. फाशी आणि फटके मागे पडले, तुरुंग आले, १८२९ मध्ये रॉबर्ट पीलने लंडनला पोलीस दिले, त्या पोलिसांचे पहिले काम गुन्हा रोखणे हे ठरले, आणि शिक्षा हळूहळू माणसाळत गेली. या मांडणीत १८६० चे दशक निसटून जाते, आणि माझ्या मते सगळा कल तिथेच बदलला.

ऑस्ट्रेलियातल्या वसाहती कैदी घ्यायला नकार देऊ लागल्या. मग शिक्षेचा काही भाग भोगलेला कैदी परवाना घेऊन सुटायचा आणि त्याच लंडनच्या, त्याच मँचेस्टरच्या गल्लीत परतायचा. गिरण्यांची ती शहरे आधीच अनोळखी माणसांनी फुगली होती. १८६२ मध्ये गळा आवळून लुटण्याच्या प्रकारांनी लंडन हादरले, त्यात एक खासदारही लुटला गेला, आणि वर्तमानपत्रांनी सारे खापर या परवानेवाल्यांवर फोडले. पुढच्याच वर्षी फटक्यांची शिक्षा परत आली. १८६९ च्या सराईत गुन्हेगारांच्या कायद्याने नोंदवह्या सुरू केल्या, सुटलेल्यांवर पोलिसांची नजर बसवली. परवान्यावरचा माणूस अप्रामाणिक मार्गाने पोट भरतो असा संशय आला, तर आपण प्रामाणिक आहोत हे त्यानेच पटवून द्यायचे. ‘काय केलेस?’ हा प्रश्न मागे पडला. ‘तू कोण आहेस?’ हा पुढे आला.

१८७१ मध्ये ब्रिटनने तो कायदा आणखी पक्का केला. त्याच वर्षी हिंदुस्थानात गुन्हेगार जमाती कायदा आला. आपल्याकडे त्याचे खापर फक्त गोऱ्यांच्या जातविषयक समजुतींवर फोडले जाते. त्या समजुती होत्याच, आणि त्यांनी जो अन्याय केला त्याला तोड नाही : तिकडे निदान एकदा दोषी ठरलेला माणूस नोंदवहीत जाई, इकडे पाळण्यातले मूलही गेले. पण भीती एकच होती, पद्धतही एकच होती. गुन्हा रोखायचा तर गुन्ह्याची वाट कशाला पाहायची, माणसेच आधी हेरून ठेवू, हा तो विचार. या जमातींना कोंडून ठेवणाऱ्या सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये पिढ्या गेल्या त्या याच विचारापायी. १९५२ मध्ये तो कायदा देशभर रद्द झाला तेव्हा जमातीची पाटी पुसली, विचार राहिला. मुंबई राज्याने १९५९ मध्ये सराईत गुन्हेगारांचा कायदा केलाच. आणि तडीपारीची कलमे तर १९५१ पासून पोलीस अधिनियमात आहेत.

सर्वोच्च न्यायालयाने १९५२ मध्येच अशा आदेशांना वैध ठरवले. भेदरलेला साक्षीदार हे त्यामागचे खरे कारण होते, आणि ते खोटे नाही. लहान गावात दहशतवाल्याविरुद्ध तोंड उघडणे किती अवघड, हे कोकणात कुणाला सांगायला नको. पण त्याच पळवाटेने नकोसा माणूसही बाहेर जातो. अमरावतीतल्या एका पत्रकाराने अनुदानातल्या गैरव्यवहाराची माहिती मागितली, तक्रारी केल्या आणि तो तडीपार झाला. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. २०२२ मध्ये जालन्याच्या प्रकरणात न्यायालयाने तडीपारी हा असाधारण उपाय असल्याचे बजावले आणि पूर्ण दोन वर्षे का, याचे कारण आदेशात नाही हेही दाखवून दिले.

खेडहून कशेडी घाट ओलांडला की पोलादपूर, म्हणजे रायगड जिल्हा. अलीकडे धोकादायक असलेला माणूस पलीकडे निरुपद्रवी होतो का? मुंबईला जाणे कोकणी माणसाला नवे नाही, पण चाकरमानी गणपतीला परत येतो. तडीपाराला आईच्या आजारपणातही परवानगी मागावी लागते. अपील करायचे तर तीस दिवसांत, राज्य शासनाकडे. आणि तोवर रोजगार, घर, लावणी सगळे मागे पडलेले.

म्हणून मागणी साधी आहे. कुणीही साक्ष द्यायला का तयार नाही, हे अधिकाऱ्याने नावे न फोडता पण प्रसंगानिशी लिहावे. मुदत जितकी ठेवली तितकीच का, हेही लिहावे. आणि बातमी देताना वर्तमानपत्राने त्या माणसाला न्यायालयाने दोषी ठरवले आहे की नाही, एवढे एक वाक्य त्याच्या नावाशेजारी छापावे.