बेन्झीन, प्रमाद आणि हिंसा

तेलशुद्धीकरण कारखान्याच्या साठवण टाक्यांतून, टँकर भरताना, व्हॉल्व्हच्या सैल सांध्यांतून जी सेंद्रिय बाष्पे हवेत मिसळतात, त्यांत बेन्झीन असते. बेन्झीनमुळे रक्ताचा कर्करोग होतो, याबद्दल आता वाद नाही. अमुक माणसाचा कर्करोग अमुक टाकीमुळेच झाला, हे मात्र जवळजवळ कधीच सिद्ध करता येत नाही. मग मेलेला दाखवता येत नसेल, तर हिंसा झाली असे म्हणायचे का?

भारताच्या २००९ च्या मानकांनुसार हवेत बेन्झीनची वार्षिक सरासरी घनमीटरला ५ मायक्रोग्रॅमपर्यंत चालते. जागतिक आरोग्य संघटना मात्र निर्धोक अशी पातळीच मानत नाही. तिच्या हिशोबाने १ मायक्रोग्रॅमच्या हवेत जन्म काढणाऱ्या दहा लाखांत सुमारे ६ जणांना त्यापायी ल्युकेमिया होतो. म्हणजे मानक काठोकाठ पाळले तरी दहा लाखांमागे ३०. हे तीस जण खरे आहेत, फक्त ते कोण हे कुणालाच सांगता येणार नाही. पीडितापासून गुन्हेगाराकडे जाणारा कायदा इथे वाटेतच अडतो. मुंबईतील माहुल-चेंबूरच्या हवेपायी राष्ट्रीय हरित लवादाने ऑगस्ट २०२० मध्ये चार कंपन्यांवर मिळून सुमारे २८६ कोटी रुपयांची भरपाई बसवली, ती परिसराच्या हानीपोटी.

जैन विचार दुसऱ्या टोकापासून निघतो. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या प्रमादावर, म्हणजे बेसावधपणावर, उभी आहे. कुंदकुंदाचार्यांच्या मते बेफिकीर माणूस कोणी मेले नाही म्हणून सुटत नाही. पुरेपूर जपून वागणाऱ्याला मात्र हातून जीव गेला तरी कर्माचा बंध नाही. ही कसोटी लावली की प्रेत शोधावे लागत नाही. टाकीला तरते छत आहे का, टँकर भरताना बाष्प परत ओढून घेतले जाते का, सांधे वेळच्या वेळी तपासले जातात का, एवढेच पाहायचे. 

अडचण कसोटीच्या उत्तरार्धात आहे. सगळी काळजी घेणारा कारखानदार निर्दोष ठरला, तरी तिसांतले काही उरतातच. गृहस्थाला उद्योगातली हिंसा पूर्णपणे टाळता येत नाही, हे जैन आचारशास्त्राने मान्य केले आहे. त्याच शास्त्रात श्रावकाने, म्हणजे जैन गृहस्थाने, टाळायच्या पंधरा धंद्यांची, कर्मादानांची, यादीही आहे. कोळसा पाडणे, विषाचा व्यापार, घाणे चालवणे ही त्यांतली काही. इथे प्रश्न धंदा कसा करावा हा नाही, तो करावा का हा आहे. तेलशुद्धीकरण या यादीत शब्दशः बसवणे ओढाताणीचे होईल. यादीमागचा हेतू पाहिला तर ते बाहेर ठेवणे अधिक अवघड.

शिवाय करणे, करवणे आणि अनुमोदन देणे, या तिन्हींनी कर्म बांधले जाते. त्यामुळे ५ चा आकडा ठरवणारेही या हिशोबात येतात, आणि १ टक्क्यापर्यंत बेन्झीन असलेले पेट्रोल पंपावर भरून घेणारेही.