आधी गाडी की आधी पैसे

जुनी गाडी घ्यायला गेलेली माणसं इंजिनाचा आवाज ऐकतात, टायर बघतात, पत्र्यावर बोट वाजवून कुठं डाग दिलाय का ते शोधतात. किलोमीटरच्या आकड्यावर तर कुणाचाच विश्वास नसतो. आणि पैसे कसे द्यायचे ते मात्र शेवटी चहा पिता पिता ठरतं. "रोख चालेल ना?" "चालेल की." झालं. मला वाटतं खरी अडचण तिथंच असते, आणि ती नुसती हिशोबाची नाही. एकाच्या मुठीत किल्ली, दुसऱ्याच्या मुठीत पैसे. पहिली मूठ कुणी उघडायची? जो आधी उघडतो तो तेवढा वेळ समोरच्याच्या चांगुलपणावर अवलंबून असतो. इतका चांगुलपणा परक्याकडून गृहीत धरावा का? आणि नाही धरला, तर त्यात त्याचा अपमान आहे का?

बैलबाजारात हा पेच फारसा पडत नसे. घोटीला म्हणा, मालेगावला म्हणा, रुमालाखाली हात घालून बोटं दाबून भाव व्हायचा. शेजारी उभा असलेल्याला पत्ता लागायचा नाही. भाव जुळला की इसार, मग नोटा मोजायच्या, बाजाराची पावती फाडायची आणि दावं हातात घ्यायचं. दाव्याबरोबर मालकी गेली. उद्या त्या बैलानं कुणाला शिंग मारलं तर जुन्या मालकाच्या दारात कुणी येत नसे. मध्ये दलाल असायचा. दोन्हीकडचे त्याला शिव्या घालायचे, पण एक काम तो नीट करायचा. पैसे आणि जनावर एकाच वेळी हलतील एवढं बघायचा.

गाडीचं तसं नाही. किल्ली दिली, गाडी गेली, तरी मालकी कागदावर मागेच बसलेली असते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात कलम ५० आहे. विकणाऱ्यानं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं, घेणाऱ्यानं ३० दिवसांत नाव लावून घ्यायचं. त्यासाठी २९ नंबरचा आणि ३० नंबरचा फॉर्म असतो. खेड्यात हे दोन फॉर्म कोरेच सह्या करून देतात आणि म्हणतात, "घाला केव्हाही." घेणारा ते घालतच नाही, पुढच्याला विकतो. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयापुढं असंच एक प्रकरण आलं होतं. गाडी एकापाठोपाठ हात बदलत गेली, आरटीओच्या दप्तरी नाव पहिल्याचंच. अपघात झाला. न्यायालयानं सांगितलं की ज्याचं नाव दप्तरी आहे तोच मालक, भरपाईची जबाबदारी त्याची.

आमच्या भावकीतल्या एकानं निकाल-बिकाल काही वाचलेला नव्हता. त्यानं पिकअप विकली. अर्धे पैसे रोख, अर्ध्याचा चेक. गाडी त्याच दिवशी दिली, कोऱ्या फॉर्मवर सह्याही दिल्या. चेक वटला नाही. चेक न वटणं हा १९८९ पासून गुन्हा आहे, कलम १३८, दोन वर्षांपर्यंत शिक्षा किंवा रकमेच्या दुप्पट दंड, किंवा दोन्ही. ऐकायला भारी वाटतं. पण आधी ३० दिवसांच्या आत नोटीस, मग समोरच्याला १५ दिवसांची मुदत, मग वकील, मग तारखा. तो तारखांना जात होता तेवढ्यात त्या पिकअपनं एकाला उडवलं आणि पोलिसांचा फोन याला आला. गाडी नाही, पैसे नाहीत आणि अपघाताची केस आपल्या नावावर. त्या वर्षी त्याचा उन्हाळ कांदा चाळीत सडला, कारण चाळ उलथायला घरात माणूस नव्हता. कोर्टाच्या पायऱ्या मोजता मोजता ते राहून गेलं.

म्हणून पैशाचा मार्ग आणि कागदाचा मार्ग वेगळे धरू नयेत. दोन्ही एकाच टेबलावर व्हावेत.

आता मार्ग कोणते? रोखीचं आकर्षण आपल्याला फार आहे, आणि ते उगाच नाही. आमच्या जिल्ह्यात लासलगाव-पिंपळगावला कांदा घालणाऱ्याला "रोख चुकवती" या शब्दाचं मोल विचारा. द्राक्षाच्या हंगामात बाहेरचा व्यापारी बागेतून माल भरून नेतो, पहिल्या दोन गाड्यांचे पैसे जागेवर देतो, तिसऱ्या गाडीला चेक देतो आणि चौथी भरून नेल्यावर फोन बंद. नाशिकला हे इतक्यांदा झालंय की त्यावर पोलिसांना मोहिमा काढाव्या लागल्या. अशा माणसाला नोटा मोजून खिशात घातल्याशिवाय झोप येत नाही, त्याला दोष कसा द्यावा? त्यात नोटबंदी आली. १४ नोव्हेंबर २०१६ पासून जिल्हा बँकांना जुन्या नोटा घ्यायला मनाई झाली. शेतकऱ्याची बँक तीच. बँकेत ठेवणं शहाणपणाचं असं ज्यांनी आम्हाला शिकवलं, त्यांचंच तोंड त्या दिवसांत गप्प होतं.

तरी गाडीच्या व्यवहारात मी रोखीच्या विरुद्ध आहे. एक तर १ एप्रिल २०१७ पासून दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम एका व्यवहारात रोखीनं घेता येत नाही. घेतली तर तेवढाच दंड घेणाऱ्यावर बसतो. दोनदा दीड-दीड लाख करून चालत नाही, व्यवहार एकच धरतात. दुसरं म्हणजे नोटेला तोंड नसतं. उद्या समोरचा म्हणाला, मला दीडच मिळाले, तर तुमच्या बाजूनं बोलायला कोण? आणि तिसरं, रोखीत बहुतेक वेळा एक खोटं आधीच मान्य केलेलं असतं. "कागदावर कमी दाखवू." ज्या दोघांची ओळखच सरकारला फसवण्याच्या करारानं झाली, त्यांनी पुढं एकमेकांना फसवणार नाही असं कशावरून म्हणायचं, हे मला कधी समजलं नाही.

चेकचं वर आलंच. डिमांड ड्राफ्ट बरा, पण तोही बनावट निघू शकतो. ज्या बँकेचा आहे तिथं दाखवल्याशिवाय किल्ली देऊ नये. सगळ्यात नीट म्हणजे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात. दोन लाखांच्या वर आरटीजीएस, खाली एनईएफटी. डिसेंबर २०२० पासून दोन्ही रात्रंदिवस चालू असतात. पण माझं सांगणं असं की बँकेच्या वेळेतच, दोघांनी बँकेत जाऊन करावं. मोबाईलवरचा "पैसे पाठवले" हा मेसेज म्हणजे पैसे नव्हेत. आपल्या खात्यातली शिल्लक आपण स्वतः बघायची. आणि गाडीवर कर्ज असेल, आरसीवर बँकेचं नाव चढलेलं असेल, तर उरलेलं कर्ज त्याच्या कर्जखात्यातच भरायचं, बाकी रक्कम त्याच्या हाती. मग बँकेचा ना हरकत दाखला आणि ३५ नंबरचा फॉर्म.

एक जात अशी आहे की तिच्यापुढं हे सगळं लटकं पडतं. मोबाईलवर गाडीची जाहिरात येते. किंमत बाजारापेक्षा निम्मी. फोन उचलणारा सांगतो, मी फौजेत आहे, बदली झाली, गाडी कॅम्पात आहे, आधी थोडे पैसे टाका म्हणजे गेटपास निघेल. वर्दीतला फोटो, ओळखपत्र, सगळं पाठवतो. देशभर या पद्धतीनं लोक लुटले गेले. आमच्याकडं देवळाली कॅम्प आहे, तोफखान्याचं शिक्षण तिथं चालतं, ज्याच्या भावकीत एखादा फौजी नाही असं गाव शोधावं लागेल. त्यामुळं "फौजी आहे" म्हटल्यावर आपला संशय आपोआप खाली बसतो. तुम्ही विकणारे असाल तर उलटं करतात. "पैसे पाठवतो, हा चौकोन स्कॅन करा आणि पिन टाका." पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, फक्त द्यायला लागतो. फसलात तर लाजत बसू नका, १९३० ला लगेच फोन करा. मला या चोरांचा राग पैशापेक्षा दुसऱ्याच गोष्टीसाठी येतो. सैनिकावर आंधळेपणानं विश्वास ठेवावा एवढं एक ठिकाण आपल्याकडं उरलं होतं, ते यांनी नासवलं.

चोराशी कसं वागायचं हे त्या मानानं सोपं आहे. अवघड असतो तो चांगला माणूस. मागं आम्ही नाशकातल्या एका निवृत्त गुरुजींकडून मोटार घेतली. तीन लाख चाळीस हजार. भाव ठरायच्या आधी, आम्ही काही विचारलेलं नसताना, गुरुजी म्हणाले, "एक सांगतो. २०१९ च्या ऑगस्टात गोदेला पूर आला तेव्हा ही खाली उभी होती. सीटपर्यंत पाणी गेलं होतं. सगळं करून घेतलंय, पण वायरिंगचा भरवसा मी देत नाही." माझा भाचा गाड्यांतला जाणकार, त्यालाही हे दिसलं नव्हतं. या एका वाक्यानं गुरुजींचे तीस-चाळीस हजार सहज गेले असतील.

मग पैशाची गोष्ट निघाली. मी म्हणालो, "सोमवारी बँकेत जाऊ, तिथंच खात्यावर टाकतो, तिथंच फॉर्म भरू." गुरुजींचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "तुम्ही गाडी आजच न्या. पैसे सोमवारी टाका. मी तुमच्यावर विश्वास टाकतोय आणि तुम्ही माझ्यासमोर अटी ठेवताय?"

मला लगेच उत्तर सुचलं नाही. ज्या माणसानं आपलं नुकसान करून खरं सांगितलं, त्याच्यापुढं बँकेची आणि फॉर्मची भाषा करताना जीभ जड होते. पण मी भाच्याला गाडी काढू दिली नाही. शनिवारी गाडी नेली आणि रविवारी रस्त्यात काही झालं, तर केस गुरुजींच्या नावावर. त्यांचा विश्वास मी घेतला असता तर तो त्यांच्याच अंगावर उलटला असता. मी म्हटलं, "गुरुजी, पुराचं तुम्ही सांगितलं नसतं तर आम्हाला जन्मात कळलं नसतं. ते मी तुमच्या नुसत्या शब्दावर घेतलं, लिहून मागितलं नाही. त्याला पावती नसते. पैशाला असते, मग तिथं शब्द कशाला अडकवायचा?"

ते म्हणाले, "बरं, या सोमवारी." पटलं असं म्हणाले नाहीत. चहाही दुसऱ्यांदा विचारला नाही. सोमवारी आले, सह्या केल्या, खात्यावर रक्कम जमा झालेली बघितली आणि किल्ली दिली. त्यांच्या मनात अजून सल असेल तर मी तो समजू शकतो. त्यांच्या पिढीत पावती मागणं म्हणजे तोंडावर चोर म्हणणं होतं.

मात्र "आधी कुणी" याचं उत्तर दरवेळी "दोघांनी एकदम" असं देता येत नाही. आमच्याकडं छाटणीला पेठ-सुरगाण्याकडची माणसं येतात. त्यातल्या एकाला माझी जुनी मोटारसायकल हवी होती, बावीस हजारांना. त्याच्याकडं आठ होते. बाकीचे गोडी छाटणीत कामातून फेडतो म्हणाला. लोकांनी सांगितलं, कागद हातात ठेव, पैसे फिटले की दे. व्यवहार म्हणून ते बरोबर होतं. पण कागद माझ्याकडं ठेवून तो वर्षभर ती गाडी घाटातून चालवणार, वाटेत अडवलं तर दाखवायला काही नाही, आणि माझ्या चौदा हजारांसाठी त्यानं मिंधं राहायचं. चौदा हजार बुडाले असते तर माझी एक फवारणी चुकली असती. त्याचे आठ बुडाले असते तर त्याचं घर वर्षभर मागं गेलं असतं.

मी पेठ रोडच्या आरटीओत जाऊन गाडी आधी त्याच्या नावावर केली. मग त्यानं ऑक्टोबरात दोन आठवड्यांच्या मजुरीतून सहा हजार वळते केले, उरलेले आठ पुढच्या खरड छाटणीला. हिशोब त्याच्या बायकोनं ठेवला होता, शाळेच्या जुन्या वहीच्या मागच्या पानावर. माझ्या वहीत एक दिवस कमी भरला होता, तिच्या वहीप्रमाणे धरला.