मौन धरलेली कुपी

बोटाएवढ्या सैनिकांच्या प्रतिकृती रंगविण्यात ज्यांचे चित्त रमते, त्यांच्या मेजावर निमुळत्या चोचीची, थेंबाथेंबाने रंग देणारी 17 मिलिलिटरची प्लास्टिकची कुपी हटकून असते. आणि ती ऐन कामाच्या वेळी मौन धरून बसली, की मनुष्याला प्रथम सुचते ते बळ. परंतु जोराने दाबताच चोच निसटून सारा रंग मेजावर, सदऱ्यावर आणि त्या निरपराध सैनिकावर सांडला, म्हणजे फिर्याद कोणाच्या दरबारी दाखल करावी?

वस्तुतः हा रंग ॲक्रिलिकचा. त्यातील पाणी उडून गेले म्हणजे त्यात तरंगणारे बहुवारिकाचे सूक्ष्म कण एकजीव होऊन जो पापुद्रा बनतो, तो पुनश्च पाण्यात विरघळत नाही आणि तोच गुठळी होऊन चोचीत अडकून बसतो. वरून टाचणी खुपसण्याचा सर्वमान्य इलाज मला तितकासा पसंत नाही; कारण गुठळी आत ढकलली जाते आणि पुढल्या दाबासरशी पुन्हा दाराशी हजर होते. त्यापेक्षा चोच सावकाश उपसावी, अवरोध आतून बाहेर लोटावा, तोंडाशी दुधावरच्या सायीप्रमाणे धरलेला पापुद्रा चिमट्याने उचलावा आणि तळाचा रंगद्रव्याचा गाळ ढवळला जावा म्हणून न गंजणाऱ्या पोलादाची लहानशी गोळी आत सोडून मगच चोच बसवावी. साधा लोखंडी छर्रा मात्र वर्ज्य. त्याचा गंज पांढऱ्या रंगाची पार नासाडी करतो.

काम आटोपल्यावर चोचीवरचा थेंब ओल्या फडक्याने टिपून टोपण लावण्याची तजवीज केली, तर टाचणीची गरज क्वचितच भासते.