गदेच्या आधीची वर्षे

चाळीसगाव तालुक्यातल्या सायगावचे विजय चौधरी २०१४, २०१५ आणि २०१६ अशी लागोपाठ तीन वर्षे महाराष्ट्र केसरी झाले. त्यांच्याआधी ही करामत नरसिंग यादव यांनी केली होती. पुढे शासनाने चौधरींना पोलीस उपअधीक्षकपद दिले. २०२३ मध्ये कॅनडातल्या विनिपेगला झालेल्या पोलीस आणि अग्निशमन दलांच्या जागतिक स्पर्धेतही त्यांनी सुवर्णपदक मिळवले. खानदेशात ही कहाणी अभिमानाने सांगितली जाते आणि तो अभिमान रास्तच आहे. मात्र ती सांगताना आपण सुरुवात करतो ती चांदीच्या गदेपासून. तीन गदांचा काळ दोन-अडीच वर्षांचा, तर मल्लाची घडण दहा-बारा वर्षांची. त्या वर्षांचा भार कोण उचलतो, हा प्रश्न मागेच राहतो. माझ्या मते जिल्ह्याची क्रीडावृत्ती जोखायची तर ती याच प्रश्नाच्या उत्तरावरून जोखावी.

कुस्ती गरिबाचा खेळ म्हणून ओळखली जाते, कारण ती खेळायला लंगोट आणि माती पुरते. खेळायला पुरते, टिकायला पुरत नाही. दूध, तूप, बदाम यांचा खुराक रोज लागतो, तोही मुलगा एक पैसा कमावत नसताना. जळगाव-धुळ्याच्या कोरडवाहू कपाशीवर जगणाऱ्या घरात एका पोराच्या खुराकासाठी बाकीच्यांच्या ताटातले कमी होते. वर चांगला वस्ताद आणि मॅटचा सराव हवा, तर पुण्या-कोल्हापूरची वाट धरावी लागते. म्हणजे शासनाची मदत पोचण्याच्या कितीतरी आधी निवड होऊन गेलेली असते, आणि ती करते घरची ऐपत. ज्याला खुराक परवडला नाही तो मल्ल आपल्या हिशेबात हरलेला म्हणूनसुद्धा दिसत नाही.

खाशाबा जाधवांचे उदाहरण या दृष्टीने पुन्हा पाहावे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या प्रवासासाठी वर्गणी गोळा करावी लागली होती. १९५५ मध्ये ते पोलीस खात्यात फौजदार झाले. तेव्हाची फौजदारी आणि आजचे उपअधीक्षकपद यांत मोठे अंतर आहे, म्हणजे यशानंतरची कदर नक्कीच वाढली. पण आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. खाशाबांचा गट ५७ किलोचा. रवी दहियाने टोकियोत आणि अमन सेहरावतने पॅरिसमध्ये पदक जिंकले, तेही ५७ किलोतच. महाराष्ट्र केसरीची लढत मात्र ८६ ते १२५ किलोच्या मल्लांची. सगळे लक्ष एका गदेवर ठेवले, तर अंगाने हलका पण चपळ असा पोरगा गावाच्या नजरेतच भरत नाही.

यावर कोणी म्हणेल, खानदेशात कुस्तीला आश्रय कुठे कमी आहे? गावोगावच्या यात्रांत फड रंगतात, जामनेरसारख्या ठिकाणी मोठ्या दंगली भरतात. खरे आहे. पण फडातले इनाम जिंकणाऱ्याला मिळते. शिकणाऱ्याच्या वाट्याला फार तर नारळ येतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: शेकडो पोरांवर खर्च करून केसरी एखादाच निघणार, मग बाकीचा पैसा वायाच ना? अमेरिकेतल्या बेसबॉलने याचे उत्तर शंभर वर्षांपूर्वी दिले. सेंट लुईस संघाच्या ब्रँच रिकी यांनी छोट्या गावांतले संघ पोसून त्यांतून खेळाडू वर आणण्याची पद्धत बसवली. पुढे रिकींनीच ब्रुकलिन संघासाठी जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूला करारबद्ध केले. तोदेखील १९४६ चा हंगाम माँट्रियलच्या खालच्या स्तरावरच्या संघात पगारी खेळाडू म्हणून खेळला आणि मगच १९४७ मध्ये मुख्य मैदानावर उतरला. तिथेही शिकाऊंपैकी फार थोडे वर पोचतात. तरी शिकण्याच्या वर्षांचा सगळा बोजा घरावर पडत नाही, कारण त्या थोड्यांसाठी बाकीचे लागतात हे संघाचे मालक जाणतात. आणि आपल्याकडे तर तालमीतला जो पोरगा केसरी होत नाही तो निरोगी, शिस्तीचा नागरिक होऊन घरी येतो. हा पैसा वाया गेला म्हणायचे कसे?

विजेत्याला नोकरी देऊ नये, असे मुळीच नाही. अंगावर दुखापती झेलून पस्तिशीत निवृत्त होणाऱ्याला ती हक्काचीच आहे. फक्त तिच्याबरोबर खालच्या पायरीचीही सोय हवी: तालुक्याला एक चालती तालीम, एक मॅट, मानधनावरचा एक वस्ताद आणि चौदा-पंधरा वर्षांच्या निवडक मुलामुलींचा खुराक. दंगलींवर खर्च करणारे हात खानदेशात आहेत. त्यांनी यंदाच्या फडातले एक मोठे इनाम कमी करून ती रक्कम गावच्या तालमीच्या दुधाच्या खात्यात जमा करावी.