वनाची वाट कोणी ठरवायची?

युधिष्ठिराच्या राज्यात धृतराष्ट्राला काही कमी नव्हतं. युद्धानंतरची पंधरा वर्षं तो हस्तिनापुरातच राहिला. उंची वस्त्रं, पक्वान्नं, दानधर्माला हवा तेवढा पैसा, आणि म्हाताऱ्या राजाचं मन दुखेल असं कोणी वागायचं नाही, ही युधिष्ठिराची सगळ्यांना ताकीद. भीमाला मात्र मागचं विसरता येत नव्हतं. एकदा धृतराष्ट्राच्या कानावर जाईल अशा बेतानं त्यानं दंड थोपटले आणि याच हातांनी आंधळ्याची पोरं मारली, अशी बढाई मारली. त्यानंतर धृतराष्ट्रानं वनात जायची परवानगी मागितली. तो बरेच दिवस जमिनीवर दर्भ अंथरून निजत होता, जेमतेम खात होता, हे तेव्हा कुठे उघड झालं. एका वाड्यात राहून युधिष्ठिराला त्याचा पत्ता नव्हता.

आईवडिलांना आपल्याच घरी ठेवलं म्हणजे धर्म पाळला गेला, असं मानणाऱ्या प्रत्येकानं महाभारताच्या आश्रमवासिक पर्वातला हा भाग वाचायला हवा.

मराठी घरात वृद्धाश्रमाचा विषय निघाला की पुंडलिक मध्ये उभा राहतो. आईबापांचे पाय चेपताना त्यानं देवालाही विटेवर थांबवलं, मग आपल्याला ऑफिसचं कारण कसं सांगता येईल? ही टोचणी खरी आहे, आणि ती असलेली बरी. पण कथेत पुंडलिकाचं मोठेपण घराच्या चार भिंतींत नाही. आधी त्याच आईबापांना त्यानं छळलं होतं, तेव्हाही ती दोघं त्याच्याजवळच होती. बदलले ते त्याचे हात आणि त्याचं लक्ष. आज एकाच छपराखाली राहणारी किती मुलं वडिलांशी दिवसातून चार वाक्यं बोलतात?

गावाकडची एक रीतही इथे आठवावी लागते. जमिनीची वाटणी झाली की आईवडिलांचीही पाळी लागते. चार महिने थोरल्याकडे, चार मधल्याकडे, चार धाकट्याकडे. कधी आई एकाकडे, तर बाप दुसऱ्याकडे. म्हातारीची पिशवी कायम भरलेली. कोणत्याच घरात तिचं स्वतःचं फडताळ नसतं आणि पाळी उलटून दोन दिवस जास्त झाले की भावाला फोन जातो. या व्यवस्थेला कोणी अधर्म म्हणत नाही, कारण ती घरातल्या घरात चालते. एका जागी खाट, वेळेवर औषध आणि बरोबरीच्या बायकांच्या गप्पा देणारा चांगला वृद्धाश्रम त्या म्हातारीला या फिरतीपेक्षा सुखाचा वाटला, तर तिला चूक कसं म्हणणार?

धर्मशास्त्रानं घर सोडण्याचा विचार केलेला आहे. केस पिकले, कातडी सुरकुतली आणि नातवाचं तोंड दिसलं की गृहस्थानं वनाकडे वळावं, असं मनुस्मृतीचा सहावा अध्याय सांगतो. तिथे जाणारा स्वतः ठरवतो आणि स्वतः निघतो. मुलांनी त्याला नेऊन सोडायचं, अशी कल्पनाच नाही. बायकोच्या वाट्याला मात्र हे स्वातंत्र्य येत नाही. तिला मुलांच्या हवाली करावं किंवा बरोबर न्यावं, एवढंच तिच्याबद्दल म्हटलं आहे. तिला काय हवं, ते कोणी विचारलेलं नाही.

म्हणूनच कुंतीचा निर्णय इतका विलक्षण वाटतो. कार्तिकी पौर्णिमेला धृतराष्ट्र निघाला. पुढे कुंती, तिच्या खांद्यावर डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या गांधारीचा हात, आणि गांधारीच्या खांद्यावर धृतराष्ट्राचा. कुंती पोचवायला आली आहे, असं मुलांना वाटत होतं. ती परत फिरेना, तेव्हा युधिष्ठिर कळवळला. मग आम्हाला लढायला कशाला लावलंस, असं त्यानं विचारलं. तिचं उत्तर स्वच्छ होतं. तुमचा वंश बुडू नये, तुम्ही कोणापुढे हात पसरू नयेत, म्हणून लढायला लावलं. राज्याचं सुख मी नवऱ्याच्या काळातच भोगलं आहे. तिला कोणी घालवलं नव्हतं, घरात तिचा अपमानही झाला नव्हता. इरावती कर्वे यांना ‘युगान्त’मध्ये गांधारी आणि कुंती या दोघींवर स्वतंत्र लेख लिहावेसे वाटले, यात नवल नाही.

एकाच वेशीतून निघालेल्या या दोघांत धृतराष्ट्राचं जाणं दुखावल्या मनाचं होतं आणि कुंतीचं तिच्या स्वतःच्या निश्चयाचं. आजच्या वृद्धाश्रमांतही या दोन्ही तऱ्हांची माणसं शेजारशेजारच्या खाटांवर असतात. बाहेरून पाहणाऱ्याला फरक कळत नाही.

वनात गेल्यावर नातं संपलं नव्हतं. पांडव सगळा लवाजमा घेऊन भेटायला गेले आणि महिन्याहून अधिक काळ तिथे राहिले. सहदेव तर आईजवळच थांबतो म्हणत होता. तिनंच त्याला परत पाठवलं. पुढे वणव्यात तिघांचा अंत झाल्याची बातमी नारदानं आणली, तेव्हा युधिष्ठिरानं केलेला विलाप वाचवत नाही. आई स्वतःच्या मर्जीनं गेली होती, तरी अपराधाची भावना त्याला सुटली नाही. मुलांना ती सुटत नसते. पण त्या टोचणीपोटी आईला अडवून ठेवणं हे तिच्यावर उपकार करणं नव्हे.

मुक्काम तात्पुरता असला तरी तो आस्थेचा असू शकतो. काशीचं मुक्तिभवन 1958 पासून मरणासन्न माणसांना जागा देतं, तीही साधारण पंधरा दिवसांसाठी. घरच्यांनी बरोबर राहायचं, शुश्रूषा त्यांनीच करायची. फ्रान्समध्ये झान ज्युगाँनं 1839 च्या हिवाळ्यात एका आंधळ्या, अपंग म्हातारीला आपल्या घरी आणून स्वतःचा बिछाना दिला आणि आपण माळ्यावर झोपली. तिच्या ‘लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर’ या पंथाच्या भगिनी 1882 मध्ये कोलकात्यात आल्या. रक्ताचं नातं नसलेल्या हातांनीही सेवा होते, हे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या दाखवलं आहे.

आपल्या कायद्यानंही काही पावलं टाकली आहेत. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार मुलांकडून निर्वाह मागता येतो. प्रत्येक जिल्ह्यात गरीब वृद्धांसाठी किमान 150 जणांचा वृद्धाश्रम असावा, असंही तो म्हणतो. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, अट मोडल्यास, त्याच्या 23 व्या कलमानं परत मागता येते. 1970 साली रंगभूमीवर आलेल्या ‘नटसम्राट’मधल्या गणपतराव बेलवलकरांना असा आधार नव्हता, त्यांनी सगळं आधीच वाटून टाकलं होतं.

या सगळ्यात एक गाठ उरते. धृतराष्ट्र आणि कुंती आपलं म्हणणं मांडू शकत होते. स्मृतिभ्रंश झालेली आई ते मांडू शकत नाही. तिच्या वतीनं मुलांनाच ठरवावं लागतं, आणि तिथे स्वेच्छेची कसोटी पुरी पडत नाही. यावर थोडाफार उपाय आहे तो आधी बोलण्याचा. वडील पासष्टीचे, धडधाकट असताना, गुडघ्याच्या ऑपरेशनआधी किंवा मुलाच्या परदेशी बदलीआधी त्यांना विचारता येतं, की बाबा, पुढे कुठे राहायला आवडेल, कोणाबरोबर, आणि कुठे मुळीच नाही? दोनतीन जागा त्यांच्यासोबत पाहून याव्यात, जमेल तिथे महिनाभर राहून पाहायला सांगावं आणि तोवर घरातली त्यांची खोली कोणाला देऊ नये. आईला वेगळं विचारावं, वडील समोर नसताना. तिचं उत्तर त्यांच्याहून निराळं असू शकतं.