फडकं कुणाच्या हाती?

दोन महिन्यांचं पिल्लू आमच्या घरी आलं, त्या पहिल्याच रात्री त्याने बाहेरच्या खोलीत चार ठिकाणी घाण केली. सकाळी मी वर्तमानपत्राची गुंडाळी केली, त्याला मानेला धरून तिथे नेलं आणि पाठीत फटका दिला. असंच करायचं असतं, असं चारचौघांनी सांगितलं होतं. हे तीन दिवस चाललं. चौथ्या दिवशी मोरीजवळ अंथरायला म्हणून मी वर्तमानपत्र उघडलं, तर नुसत्या सळसळीने पिल्लू पलंगाखाली शिरलं आणि भिंतीला अंग चिकटवून थरथरत बसलं. ज्या कागदावर त्याने शू करावी असं मला वाटत होतं, त्याच कागदाची दहशत मी त्याच्या मनात बसवली होती.

आणि ती घाण पुसत कोण होतं? साडेसातला धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशी. त्या येईपर्यंत आम्ही घाणीवर कागद टाकून चहा घेत असू. एका सकाळी पदर खोचता खोचता मावशी म्हणाल्या, "दादा, पिल्लू आणताना मला कुणी विचारलं नव्हतं." त्यांचा आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच ते वाक्य अधिक लागलं.

मार पिल्लाने खायचा, फडकं मावशींनी मारायचं आणि प्राणिप्रेमी म्हणून मिरवायचं आपण. हा अन्याय घरोघरी चालतो आणि तो थांबला पाहिजे.

पिल्लाचं शरीर काय सांगतं ते पाहा. जन्मल्यावर पहिले सुमारे तीन आठवडे आई चाटते तेव्हाच त्याला शी-शू होते आणि तीही आईच साफ करते. चालू लागताच ते झोपायची जागा सोडून दूर जाऊन बसतं. स्वच्छतेची ओढ त्याच्यात उपजतच आहे; कच्चा असतो तो शरीराचा ताबा. दोन महिन्यांचं पिल्लू जेमतेम दोन-तीन तास शू रोखून धरू शकतं आणि रात्र असते आठ तासांची. तान्ह्या बाळाने दुपटं ओलं केलं म्हणून आपण त्याच्यावर हात उगारत नाही. मग इथे का?

"त्याला कळतं हो, बघा कसा अपराधी चेहरा करतोय," असं म्हणणारे खूप भेटतात. अलेक्झांड्रा होरोविट्झ या अमेरिकी संशोधक महिलेने २००९ साली याचाच अभ्यास प्रसिद्ध केला. तो चेहरा चूक केल्यामुळे होत नाही, मालक रागावल्यामुळे होतो, असं त्यात दिसलं. रात्रीच्या घाणीसाठी सकाळी मारलं तर पिल्लू एवढंच शिकतं की या माणसासमोर शू करायची नाही. मग ते सोफ्यामागे लपून करतं.

खरा उपाय अवघड नाही, पण त्यात कष्ट आहेत आणि ते आपले आहेत. रात्रीचं जेवण लवकर द्यावं. झोपण्याआधी शेवटची शू करवून घ्यावी. लसीकरण पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर नेणं धोक्याचं, म्हणून घरातच जागा ठरवावी. रात्री सगळं घर मोकळं सोडू नये. एक लहान कोपरा आडोसा लावून बंद करावा, एका टोकाला अंथरूण आणि दुसऱ्या टोकाला कागद ठेवावा. नव्या कागदाखाली जुन्याचा एक ओला तुकडा राहू द्यावा. वासाने त्याला जागा ओळखता येते. गजर लावून रात्रीतून एक-दोनदा उठावं. शू झाली की त्याच क्षणी पाठीवरून हात फिरवावा, कारण क्षण गेला की ते कौतुक कशाचं हे त्याला कळत नाही. भलत्या जागी झालं तर निमूट पुसावं. फिनाईलने आपल्या नाकाचं समाधान होतं, पण त्याच्या नाकाला जागा सापडतेच. शिवाय ते अंगाला लागून चाटलं गेलं तर विषारी. शूचा वास खरोखर काढणारी एन्झाइमची द्रावणं बाजारात मिळतात.

प्राण्याला मारणं आणि कंटाळा आला म्हणून रस्त्यावर सोडून देणं, हे दोन्ही १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हे आहेत. पण कायद्याच्या भीतीने माया येत नाही. आणि मावशींच्या हातातल्या फडक्याचं म्हणाल, तर आपली घाण दुसऱ्याने उचलायची असते, ही या समाजाची फार जुनी खोड आहे. ज्यांच्या माथी पिढ्यान्‌पिढ्या हे काम मारलं, त्यांना आपण हीनही लेखलं. गाडगेबाबा गावात शिरले की आधी स्वतः झाडू घेत, कीर्तन रात्री होई. आपण त्यांच्या तसबिरीला हार घालतो आणि स्वतःच्या घरच्या कुत्र्याची शी मात्र मावशींसाठी झाकून ठेवतो. सोसायटीच्या जिन्यात आणि फुटपाथवर तर ती सफाई कामगारासाठी तशीच सोडून पुढे जातो.

मावशी तसं बोलल्या त्या दिवसापासून मी बादली आणि फडकं माझ्या पलंगाशेजारी ठेवलं. रात्री दोनला आणि पहाटे पाचला उठू लागलो. कागदाची भीती जायला तीन आठवडे लागले. पुढे पिल्लू स्वतःच दाराशी येऊन नखाने खरवडू लागलं.

म्हणून पिल्लू आणण्याआधी घरात सगळ्यांना बसवून एकच प्रश्न विचारा: रात्री दोन वाजता उठणार कोण? उत्तरात स्वतःचं नाव घेता येत नसेल, तर पिल्लू आणू नका.